इंग्लंडच्या इंडिपेंडंट शाळांमधला वसंत : मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीचं हाफ टर्म (टर्मच्या मधली सुट्टी) जवळ आलं की इथल्या मराठी पालकांचे फोन आणि मेसेज वाढतात. पाडव्याची रजा, क्रिकेटची बॅट, अकरावं-प्लसचा (अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जाण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल, इस्टरची विमानाची तिकिटं, पोराला आलेल्या शिंका. प्रश्न दर वर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. ती प्रामुख्याने इंग्लंडमधल्या शाळांबद्दल आहेत. स्कॉटलंडबद्दल शेवटी थोडं आहे. तारखा आणि नियम शाळेगणिक बदलतात, त्यामुळे आपल्या शाळेचं कॅलेंडर आणि करार हाताशी ठेवूनच वाचा.

1. इंडिपेंडंट, प्रायव्हेट, पब्लिक, प्रेप. आमची शाळा यातली नेमकी कोणती?

सरकारी निधी न घेता पालकांच्या फीवर चालते ती इंडिपेंडंट शाळा. बोलताना तिलाच प्रायव्हेट म्हणतात. इंग्लंडमधली शंभरातली साधारण सहा-सात मुलं अशा शाळांत जातात. सात-आठ वर्षांपासून अकरा किंवा तेरापर्यंतची ती प्रेप, आणि तिच्या आधीची प्री-प्रेप. जुन्या, नामांकित सीनियर शाळांना पब्लिक स्कूल म्हणायची पद्धत आहे. 1868 च्या कायद्यात अशा सात शाळा होत्या: ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी, श्रूझबरी, चार्टरहाउस आणि वेस्टमिन्स्टर. तुमच्या रोजच्या व्यवहारात यातली एकच गोष्ट महत्त्वाची. या शाळा आपल्या टर्मच्या तारखा आणि अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, म्हणून शेजारच्या स्टेट स्कूलचं, म्हणजे सरकारी शाळेचं, वेळापत्रक बघून तुम्ही काहीही ठरवू नका.

2. जानेवारीत कडाक्याची थंडी असते, मग तेव्हा सुरू होणारी ती स्प्रिंग टर्म कशी?

वर्षाच्या तीन टर्म असतात: ऑटम, स्प्रिंग आणि समर. स्प्रिंग टर्म जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि इस्टरच्या आसपास संपते. मध्ये फेब्रुवारीत हाफ टर्मची सुट्टी असते. काही शाळांत हिला लेंट टर्म म्हणतात. चार्टरहाउसमध्ये ती लाँग क्वार्टर, विंचेस्टरमध्ये कॉमन टाइम. पत्रात असं अनोळखी नाव दिसलं तर घाबरू नका.

प्रत्यक्ष वसंत दोन टर्ममध्ये विभागलेला असतो. फेब्रुवारीच्या हाफ टर्मनंतर डॅफोडिल उमलतात, शाळेच्या तळ्यात बेडकांची अंडी दिसू लागतात, आणि हा हंगाम मेअखेरच्या हाफ टर्मपर्यंत चालतो. या पानावरचे प्रश्न त्याच काळातले आहेत.

3. इस्टरची सुट्टी दर वर्षी सरकते का? आणि आमच्या धाकटीच्या स्टेट स्कूलपेक्षा मोठ्याची सुट्टी इतकी लांब का?

इस्टर चंद्रावर चालतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे इस्टर. चर्च ही पौर्णिमा आपल्या ठरलेल्या कोष्टकावरून मोजतं, त्यामुळे ती पंचांगाशी एखाद्या दिवसाने चुकू शकते. तारीख 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कुठेही येते: 2024 मध्ये 31 मार्च, 2025 मध्ये 20 एप्रिल, 2026 मध्ये 5 एप्रिल.

स्टेट स्कूलला साधारण दोन आठवडे सुट्टी असते, इंडिपेंडंट शाळांना बहुधा तीन, कधी चार. यांचा शाळेचा दिवस मोठा असतो आणि पुष्कळ ठिकाणी शनिवारीही शाळा किंवा सामने असतात. त्याची भरपाई सुट्टीत होते. दोन मुलं दोन प्रकारच्या शाळांत असतील तर मुंबईची तिकिटं काढण्यापूर्वी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून सामाईक दिवस मोजा. ते वाटतात त्यापेक्षा कमी निघू शकतात. आणि परतीचं तिकीट समर टर्मच्या आदल्या दिवसाचं काढू नका. पहिल्याच आठवड्यात सामने आणि चाचण्या लागलेल्या असतात.

4. गुढीपाडव्याला मुलांना घरी ठेवलं तर चालेल का?

परवानगी घेऊन, हो. हजेरीपटात धार्मिक दिवसासाठी वेगळी नोंद असते आणि शाळा ती वापरू शकते, पण निर्णय मुख्याध्यापकांचा. टर्म सुरू होतानाच ईमेल पाठवा. सणाचं नाव, तारीख आणि एकच दिवस हवा आहे हे स्पष्ट लिहा. ‘फॅमिली फंक्शन’ असं मोघम लिहिलेल्या अर्जाला बहुधा नकारच येतो. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चच्या रविवारी आला आणि प्रश्न आपोआप सुटला. 2026 मध्ये तो 19 मार्चला, गुरुवारी, टर्म चालू असताना होता. मुलाची बाहेरची परीक्षा त्याच दिवशी असेल तर मात्र परीक्षेला जायलाच हवं (प्रश्न 15 पाहा).

घरी ठेवण्यापेक्षा पाडवा शाळेत न्यावा असं मला मनापासून वाटतं. प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांना असेंब्लीसाठी पाच मिनिटांचा विषय हवाच असतो. गार्डन सेंटरमधली वेलींसाठीची बांबूची काठी घ्या, फार उंच नको, दीड मीटर पुरते. तिला आईची जुनी रेशमी ओढणी चुण्या घालून बांधा, वर तांब्या उपडा ठेवून आतून कापडाचा बोळा घट्ट बसवा, नाहीतर तो मुलांच्या डोक्यावर पडेल. कडुलिंब देशी दुकानात मिळाला तर उत्तम, नाहीतर शाळेच्या आवारातली कुठलीही कोवळी पालवी माळ्याला विचारून घ्या. साखरेच्या गाठी दाखवायला न्या, वाटायला नको (प्रश्न 10 पाहा). आपल्या लेकराने वर्गासमोर उभं राहून ‘आमचं नवीन वर्ष आज सुरू होतं’ हे स्वतः सांगणं, हे घरी बसून श्रीखंड खाण्याहून मोठं आहे. श्रीखंड संध्याकाळी आहेच.

5. घड्याळ बदलतं त्या सोमवारी मुलं उठतच नाहीत. काय करावं?

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एकचे दोन होतात. आदल्या गुरुवारपासून रोज पंधरा मिनिटं लवकर झोपवा. भारतातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. दोन्हीकडच्या वेळेतलं अंतर साडेपाच तासांवरून साडेचारवर येतं.

6. सकाळी कुडकुडतो, दुपारी घामाघूम होतो. कपडे नेमके कसे घालायचे?

एकावर एक, आणि प्रत्येकावर नाव. एप्रिलमध्ये एकाच दिवशी ऊन, गारा आणि पाऊस येऊ शकतो. बहुतेक शाळांचा समर युनिफॉर्म इस्टरनंतर सुरू होतो. मुलींचे चौकटीचे फ्रॉक, मुलांचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट. जाड स्वेटर मात्र मेअखेरपर्यंत दप्तरात राहू द्या. युनिफॉर्म सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायला गेलात तर हवं ते मापच मिळत नाही. शाळेच्या सेकंडहँड दुकानात मार्चमध्येच चक्कर मारा. तिथले कपडे चांगले असतात आणि त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, सगळेच घेतात. मेपासून सनस्क्रीन घरून लावून पाठवा आणि मुलांना स्वतः लावायला शिकवा, कारण शिक्षक सहसा लावून देत नाहीत.

7. इस्टरआधी हॉकी, इस्टरनंतर क्रिकेट. मुलाला एकच खेळ नीट शिकू का देत नाहीत?

खेळ टर्मप्रमाणे बदलणं ही इथली जुनी रीत आहे. स्प्रिंग टर्ममध्ये शाळेनुसार हॉकी, नेटबॉल, फुटबॉल, लॅक्रॉस, सेव्हन्स रग्बी आणि क्रॉस कंट्री असते. समरमध्ये क्रिकेट, टेनिस, अ‍ॅथलेटिक्स, पोहणं, कुठे कुठे राउंडर्स. वल्हवणाऱ्या शाळांसाठी मार्च फार मोठा महिना, कारण लंडनला थेम्सवरची शालेय हेड रेस तेव्हाच होते. मुलाला चार खेळ हाताळायला मिळतात आणि एकात मागे पडलेलं पोर दुसऱ्यात पुढे येतं. क्रॉस कंट्रीत तर साधन लागतच नाही, फक्त चिखलाची तयारी लागते. आपली अंगाने बारीक मुलं त्यात छान चमकतात. मैदानावर ‘बी’ किंवा ‘सी’ संघात आहे म्हणून घरी तोंड पाडून बसू नका. त्या संघांनाही पूर्ण सामने, प्रशिक्षक आणि सामन्यानंतरचा चहा मिळतो.

8. मुलगा पुण्यात गल्लीत टेनिस बॉलवर जोरदार खेळायचा. शाळेच्या संघात घेतील का?

घेतील, पण निवड कधी होते ते समजून घ्या. पहिला सामना एप्रिलच्या शेवटी असला तरी इनडोअर नेट्स जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होतात, आणि प्रशिक्षकाच्या मनातली यादी इस्टरच्या सुट्टीतल्या सरावापर्यंत जवळजवळ पक्की झालेली असते. समर टर्मच्या पहिल्या दिवशी बॅट घेऊन जाणाऱ्याला उशीर झालेला असतो. त्यामुळे आत्ताच क्रीडाशिक्षकांना लिहा.

लेदर बॉलची सवय ही खरी अडचण. इथे तेरा वर्षांखालील मुलांचा चेंडू पावणेपाच औंसांचा, म्हणजे साधारण 135 ग्रॅमचा असतो. त्यापुढच्या वयोगटाच्या मुलग्यांना साडेपाच औंसांचा पूर्ण चेंडू. अठराखालील प्रत्येकाने कठीण चेंडूवर फलंदाजी करताना आणि यष्टींजवळ उभं राहून यष्टिरक्षण करताना हेल्मेट घालायचंच. लहान गटांत क्षेत्ररक्षकाने फलंदाजाच्या किती जवळ उभं राहायचं आणि वेगवान गोलंदाजाने सलग किती षटकं टाकायची, यालाही मर्यादा आहेत. प्रशिक्षकाने तीन विकेट काढणाऱ्या तुमच्या मुलाला मध्येच थांबवलं तर तो अन्याय नसून पाठीच्या कण्याची काळजी असते.

बॅट वाढत्या मापाची घेऊ नका. ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून घेतलेली जड बॅट मुलाचा सरळ फटका बिघडवते. आणि लेकीलाही नेट्सला पाठवा. अनेक शाळांत आता मुली राउंडर्सऐवजी क्रिकेट खेळतात आणि त्यांच्या संघात नवीन मुलींना लवकर जागा मिळते.

9. शनिवारी सामना आणि शनिवारीच मराठी शाळा. काय सोडायचं?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. बऱ्याच इंडिपेंडंट शाळांत शनिवारचा सामना सक्तीचा असतो. संघात नाव लागलं की ‘आज क्लास आहे’ हे कारण चालत नाही. करारात किंवा क्रीडा-हँडबुकात ते लिहिलेलं असतं. तरीही मराठी सोडू नका. जवळच्या मराठी मंडळाचा रविवारचा वर्ग असेल तर तिकडे बदली मागा. नसेल तर मराठी शाळेच्या ताईंना सामन्यांची यादी टर्मच्या सुरुवातीलाच द्या. त्या शनिवारचा अभ्यास त्या आनंदाने घरी देतात. सामने दोन-तीन आठवडे आधी कळतात, पण यादी वेबसाइटवर बदलत राहते, म्हणून गुरुवारी एकदा बघत जा.

10. पुरणपोळी, चिवडा, चिक्की डब्यात किंवा वर्गात वाटायला दिली तर?

शेंगदाणे असलेलं काहीही नको. चिवडा, चिक्की, दाण्याचा लाडू, कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी हे सगळं शाळेच्या दाराबाहेर. वर्गात ज्याला दाण्यांची जबर अ‍ॅलर्जी आहे त्या मुलासाठी डब्याच्या झाकणाला लागलेलं कूटही जिवावर बेतू शकतं. काजू-बदामाचंही तेच. तीळ हाही अ‍ॅलर्जीच्या यादीतला पदार्थ आहे. घरी बनवलेलं वाटायला अनेक शाळा मुळीच परवानगी देत नाहीत. विचारल्याशिवाय काही पाठवू नका.

उलट बाजूने, शाकाहारी मुलांनी इस्टरच्या गोडधोडात जिलेटिन आहे का ते बघावं. मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांत ते बहुधा असतं. चॉकलेटच्या अंड्यांत सहसा नसतं, तरी वेष्टन वाचा. अंडंही न खाणाऱ्यांनी हॉट क्रॉस बनची चौकशी स्वयंपाकघरात करावी. शाळांची स्वयंपाकघरं याबाबतीत दक्ष असतात, फक्त त्यांना लेखी कळवावं लागतं.

11. वर्ल्ड बुक डेला दर वर्षी महागडा पोशाख घ्यावाच लागतो का?

नाही. तो मार्चच्या पहिल्या गुरुवारी येतो. मराठी गोष्टीतलं पात्र चालतं. धोतर, पगडी किंवा नऊवारी घरात असतेच, आणि वर्गात ती गोष्ट सांगायची संधी मिळते.

12. मुलगी फॉरेस्ट स्कूलमधून चिखलाने माखून येते. तिथे शिकवतात तरी काय?

ही कल्पना डेन्मार्कहून आली. 1993 मध्ये सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजच्या बालशिक्षण विभागातली मंडळी तिकडची मुलं उघड्यावर शिकताना बघून आली आणि परत येऊन त्यांनी इथे सुरुवात केली. आता अनेक प्री-प्रेपच्या आवारात झाडीचा एक तुकडा राखून ठेवलेला असतो. मुलं फांद्यांचं खोपटं बांधतात, गाठी मारायला शिकतात, चकमकीने ठिणगी पाडतात, सालकाढणीने ओल्या काठीची साल सोलतात. प्रत्येक हत्याराचा नियम आधी पाठ करून घेतात. सोलताना हत्यार नेहमी शरीरापासून दूर जाणार, आणि हाताच्या अंतरात दुसरं मूल नसणार. बोट कापेल म्हणून हत्यारच हाती न देण्यापेक्षा ते कसं धरायचं हे पाचव्या वर्षी शिकवणं मला फार पटतं.

एप्रिलअखेर ते मेमध्ये झाडीखाली ब्लूबेलचा निळा गालिचा पसरतो. तो बघायला एखाद्या दुपारी शाळेत जाच. फुलं तोडू नयेत, पानांवर पायही देऊ नये, कारण चिरडलेलं रोप पुढे काही वर्षं नीट फुलत नाही. घरी आल्यावर मुलीचे गुडघ्यामागचे भाग, काखा आणि केसांची मुळं बघा. गवतातली गोचीड चिकटलेली असू शकते. ती बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची, तेल किंवा पेटती काडी लावायची नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लालसर डाग दिसला किंवा ताप आला तर जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा.

13. एप्रिल आला की शिंका, डोळे लाल. सर्दी की ‘हे फीवर’, म्हणजे परागकणांची अ‍ॅलर्जी?

ताप नाही, डोळ्यांना खाज आहे आणि बाहेर खेळून आलं की वाढतं, तर बहुधा हे फीवर. मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत झाडांचे परागकण, त्यात बर्चचा जोर एप्रिलमध्ये. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गवताचे. भारतातून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी काहीच होत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होतं, असं पुष्कळ पालक सांगतात. फार्मसिस्टला मुलाचं वय सांगून झोप न आणणारं औषध विचारा. शाळेत औषध द्यायचं तर संमतीचा फॉर्म लागतो, मुलाच्या खिशात गोळी ठेवून पाठवू नका. दम्याचा इतिहास असेल तर जीपीशी आधीच बोला. परीक्षेच्या वर्षात तर हे मार्चमध्येच मार्गी लावा. गवताचा हंगाम आणि जीसीएसई (सोळाव्या वर्षीची बोर्डाची परीक्षा) अगदी एकाच वेळी येतात.

14. अकरावं-प्लसच्या दोन ऑफर आल्या आहेत, शिवाय ग्रामर स्कूलचा निकाल 1 मार्चला आहे. किती दिवस थांबता येईल?

इंडिपेंडंट शाळांच्या ऑफर बहुधा फेब्रुवारीच्या मध्याला येतात. सरकारी माध्यमिक शाळांच्या प्रवेशाचा निकाल, परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या ग्रामर शाळांसकट, 1 मार्चला किंवा त्यानंतरच्या कामाच्या दिवशी. म्हणूनच अनेक इंडिपेंडंट शाळा होकाराची मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेवतात. तेवढी वाट जरूर बघा. घाईने 20 फेब्रुवारीला डिपॉझिट भरायची गरज नसते, फक्त तुमच्या पत्रातली तारीख आणि वेळ तपासा, दुपारी बारापर्यंतचीही असते. डिपॉझिट सहसा परत मिळत नाही. दोन्हीकडे होकार देऊन ठेवणं म्हणजे दोन करार करणं, आणि त्याची किंमत प्रश्न 16 मध्ये आहे. वेटिंग लिस्टवर असाल तर निराश होऊ नका. मुदत संपली की यादी हलते, आणि शाळेला एक नेमकं, प्रामाणिक पत्र लिहिल्याने उपयोग होतो.

मुलाशी बोलताना निकालाआधीच ठरवा की कुठलीही ऑफर आली तरी त्या शनिवारी काय करायचं. दहा वर्षांचं पोर आपल्या चेहऱ्यावरून निकाल वाचतं.

15. स्टडी लीव्ह सुरू झाली की भारतात जाऊन अभ्यास केला तर?

नको. जीसीएसई आणि ए-लेव्हल (अठराव्या वर्षीची परीक्षा) मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. दोन पेपरमध्ये दहा दिवसांचं अंतर दिसलं तरी पुढे जूनअखेरचा एक राखीव दिवस असतो. देशभर काही अडचण आली तर पेपर त्या दिवशी होतो. सगळ्या परीक्षार्थींनी तोपर्यंत हजर राहायचं असतं. प्रवासामुळे चुकलेल्या पेपरला सवलत मिळत नाही. घरात लग्नकार्य असेल तर ते जुलैत ठेवा किंवा मुलाशिवाय जा. आजी-आजोबांनाच एप्रिलमध्ये इकडे बोलावलं तर मुलाला घरचं जेवण आणि सोबत दोन्ही मिळतं.

16. सप्टेंबरपासून शाळा बदलायची आहे. कधी कळवायचं?

समर टर्म सुरू होण्यापूर्वी, म्हणजे इस्टरच्या सुट्टीतच किंवा त्याआधी. नेहमीच्या करारात पूर्ण एका टर्मची नोटीस लागते आणि ती टर्मच्या पहिल्या दिवसाआधी पोचावी लागते. जुलैत मूल काढायचं असेल आणि तुम्ही मे महिन्यात कळवलंत, तर ऑटम टर्मची पूर्ण फी द्यावी लागू शकते, मूल एक दिवसही न जाता. होकार देऊन ठेवलेल्या पण अजून सुरू न झालेल्या जागेलाही बहुधा असाच नियम असतो. ईमेल वर्गशिक्षकांना नव्हे, मुख्याध्यापकांना किंवा करारात लिहिलेल्या व्यक्तीला. काही शाळा दोन्ही पालकांची सही मागतात. पोच आली नाही तर फोन करा. निर्णय पक्का नसेल तर तात्पुरती नोटीस चालते का ते विचारा, सगळीकडे चालत नाही.

17. फीवर व्हॅट लागला, मग स्प्रिंगच्या सहलींवरही लागतो का?

1 जानेवारी 2025 पासून शिक्षण आणि वसतिगृहाच्या फीवर 20 टक्के व्हॅट आहे. शाळेला जोडलेल्या नर्सरी वर्गांना तो नाही. सहली, जेवण, बस, वाद्यवादनाचे धडे यांचा हिशोब प्रत्येक बाबीनुसार वेगळा असतो. बर्सरच्या (शाळेचे आर्थिक व्यवहार बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडे बाबवार बिल मागा, ते देतात.

18. चौदा वर्षांची मुलगी डीओएफईसाठी तंबूत राहायला जाणार म्हणते. पाठवावी का?

पाठवा. डीओएफई म्हणजे ड्यूक ऑफ एडिनबरो पुरस्कार. तो 1956 पासून चालू आहे आणि त्यातल्या पहिल्या पातळीचा, ब्राँझचा, सराव बहुतेक शाळा वसंतातच घेतात. ब्राँझ म्हणजे दोन दिवस आणि एक रात्र, चार ते सात जणांचा गट, रोज किमान सहा तासांचा ठरवलेला कार्यक्रम. सिल्व्हर तीन दिवस, गोल्ड चार. शिक्षक सोबत चालत नाहीत. ठरलेल्या ठिकाणी भेटतात आणि दुरून लक्ष ठेवतात. वाट नकाशा आणि होकायंत्रावर शोधायची. बहुतेक शाळा गटाला एक सीलबंद फोन अडचणीसाठी देतात. मुलामुलींचे तंबू वेगळे असतात.

सॅक भरताना घरातल्या मोठ्यांनी हात आवरावा. वजन मुलीच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, म्हणजे ती 44 किलोची असेल तर सगळं मिळून अकरा किलोच्या आत. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि अंग गारठतं. मोज्यांचे जादा जोड हवेत. कपडे आणि स्लीपिंग बॅग जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले हवेत. नवे बूट आधी महिनाभर घरात आणि पार्कात वापरून मऊ करा. पायाला फोड आल्यामुळेच सगळ्यांत जास्त मुलं रडकुंडीला येतात.

जेवण स्वतः शिजवायचं असतं. रवा तुपावर खमंग भाजून, त्यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, मीठ, चिमूटभर साखर घालून गार करा आणि माणशी एक अशा पिशव्या भरा. उकळत्या पाण्यात ओतून झाकण ठेवलं की पाच मिनिटांत उपमा तयार होतो. गटातली बाकीची मुलंही तो मागतात, म्हणून दोन पिशव्या जास्त द्या. काजू-दाणे अर्थातच नकोत. स्टोव्ह मोकळ्या हवेतच पेटवायचा, तंबूत कधीच नाही. हे शाळा शिकवते, तरी घरूनही एकदा सांगा.

मुलीला हे आवडलं तर पुढे डार्टमूरच्या माळरानावरचं टेन टॉर्स तिची वाट पाहतं. ते 1960 पासून चालू आहे. आता मे महिन्यात सहा-सहा जणांचे साधारण 400 संघ दोन दिवसांत 35, 45 किंवा 55 मैल चालतात.

19. इस्टरला शाळेची फ्रान्स किंवा स्पेनची सहल आहे, मुलाचा पासपोर्ट भारतीय आहे. शाळेच्या गटात व्हिसा लागत नाही ना?

सहसा लागतो. ब्रिटिश पासपोर्टवाल्या मित्रांना लागत नाही, तुमच्या मुलाला सहसा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) लागतो. शाळेच्या गटाला त्या देशाची काही सूट आहे का ते शाळेला विचारा. नुसती इथे राहायची परवानगी असल्याने त्यात फरक पडत नाही. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण खरी अडचण अपॉइंटमेंटची. मार्चच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून ऑक्टोबरातच सुरुवात करा. बारा वर्षांवरील मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. शैक्षणिक सहलीच्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफीची तरतूद आहे, त्यासाठी शाळेचं पत्र जोडा. पासपोर्ट नुकताच नवा काढला असेल तर परतीसाठी तो यूकेव्हीआय (ब्रिटिश व्हिसा विभागाच्या ऑनलाइन) खात्यात नोंदवलेला आहे ना, तेही बघा.

20. आम्ही नाशिकला, मुलगा इथे बोर्डिंगमध्ये. इस्टरला तो वसतिगृहात राहू शकतो का?

बहुतेक शाळांची वसतिगृहं इस्टरला पूर्ण बंद होतात, हाफ टर्मला आणि काही एक्झिअट (मुलांनी घरी जायच्या ठरलेल्या) शनिवार-रविवारीही. चाइल्ड स्टुडंट व्हिसावरच्या मुलांसाठी शाळा इथला गार्डियन मागतातच. घरी येणं परवडलं तर ते सर्वांत चांगलं.

इथे एक अवघड कायदेशीर मुद्दा आहे. सोळाखालील मूल आई-वडील किंवा जवळचे नातेवाईक सोडून दुसऱ्याकडे 28 किंवा अधिक दिवस राहणार असेल, तर ते ‘प्रायव्हेट फॉस्टरिंग’ ठरतं आणि स्थानिक कौन्सिलला कळवणं बंधनकारक होतं. आजी-आजोबा, सख्खे काका-मामा, आत्या-मावशी हे जवळचे. बाबांचे कॉलेजचे मित्र किंवा चुलत चुलते, ज्यांना आपण घरचेच मानतो, ते कायद्याच्या नजरेत नव्हेत. चार आठवड्यांच्या इस्टरला दिवस मोजा.

21. टर्मच्या शेवटी चर्चमध्ये इस्टरची प्रार्थना असते. आम्ही नाही म्हणू शकतो का?

स्टेट स्कूलमध्ये पालकांना कायद्याने तो हक्क आहे. इंडिपेंडंट शाळेत मात्र शाळेचं धोरण आणि तुमचा करार चालतो. चॅपल असलेल्या शाळांत हजेरी बहुधा सगळ्यांना असते, पण प्रार्थना म्हणायची किंवा प्रसाद घ्यायची सक्ती नसते. मूल शांतपणे बसू शकतं. यावर तुमचं ठाम मत असेल तर ते प्रवेशाआधी विचारा, मार्चअखेरीस नव्हे.

22. आजी-आजोबा एप्रिलमध्ये येत आहेत. ते नातवाला शाळेतून आणू शकतात का?

हो, तुम्ही आधी त्यांची नावं लेखी कळवलीत तर. काही शाळा फोटो किंवा परवलीचा शब्द मागतात. सामन्याला आजोबांना जरूर न्या, आणि जाड कोट द्या. फोटो काढताना दुसऱ्यांची मुलं येऊ देऊ नका, आणि आलीच तर तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

23. आम्ही एडिनबरोला आहोत. हे सगळं इथेही लागू?

सगळं नाही. स्कॉटिश परीक्षा देणाऱ्या शाळांत त्या एप्रिलच्या शेवटीच सुरू होतात, म्हणजे प्रश्न 13 आणि 15 मधली तयारी दोन-तीन आठवडे अलीकडे आणा. शाळेचं वर्ष जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला संपतं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतं. काही इंडिपेंडंट शाळा तिथेही जीसीएसई आणि ए-लेव्हल घेतात, तेव्हा आपल्या शाळेचा परीक्षा-बोर्ड आधी विचारा. नोटीस, व्हॅट, शेंगेन व्हिसा आणि शेंगदाण्यांबद्दल वर लिहिलेलं तिथेही तसंच समजा.